मासेबाबा आणि तापलेली खाडी

भर दुपारी धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. ओहोटीमुळे धक्क्यापाशी खाडी पायऱ्यांखालच्या डोहापुरती उरली होती. पाणी अंगाला चटका देत होतं, आणि त्यात मांडीपर्यंत बुडालेला मासेबाबा डोळे मिटून मंद हसत उभा होता. त्याच्या पायांभोवती मोठे चंदेरी मासे एकमेकांना ढुशा देत गोळा झाले होते. हे मासे खाडीतून जवळजवळ संपलेलेच. अंडी घालायला नदीकडे निघालेला एखादा जरी जाळ्यात आला, तरी त्याची बातमी व्हायची. आणि आज बघावं तर बाबाच्या पायाशी झुंबड!

"हे माझे मागच्या जन्मीचे चेले," बाबा म्हणाला. "हाक ऐकून येतात बिचारे."

मागच्या जन्मीचे हे चेले या जन्मी टोपल्यांत भरून, पोटातल्या अंड्यांसकट, आशीर्वाद म्हणून चढ्या भावानं विकले जात होते. पण ते बघायला डोळे उघडे कुणाचे होते?

माशांच्या लिलावात बोली पुकारणारी ताईही त्यांतलीच. तिचा आवाज ऐकून भलेभले गप्प बसायचे, पण इथं तीच हात जोडून उभी. शेजारी तिचा धाकटा भाऊ, शाळेतला विज्ञानाचा मास्तर. रोज खाडीत तापमापक बुडवून तो मुलांना आकडा लिहून घ्यायला सांगायचा. "आज तरी तोंड बंद ठेव," असं ताईनं त्याला निघतानाच बजावलं होतं.

"बाबा, बाकीच्या खाडीत मासे मरून पडतायत. कुणाचं पाप?" एका म्हाताऱ्या नावाड्यानं विचारलं.

बाबानं एक डोळा उघडला. "रोज काचेची कांडी कोण खुपसतं पाण्यात? ती कांडी आली आणि पाणी तापायला लागलं. घ्या जुळवून!"

लोकांनी जुळवलं की हो! थर्मामीटर लावला म्हणून ताप आला, आता बडवा डॉक्टरला, असला हा न्याय.

"अहो, मोजल्यानं पाणी तापतं का कधी?" मास्तर ओरडला. त्याचं वाक्य संपायच्या आत पहिला दगड आला आणि थेट डोळ्यावर बसला. तो खाली कोसळला. मग काय, लाथा, वल्ही, हाताला लागेल ते. ज्यांच्या पोरांना त्यानं शिकवलं, त्यांनीच त्याच्या बरगड्या मोडल्या.

"सोडा रे त्याला! मरेल तो!" ताई गर्दीत घुसली. कुणीतरी तिचे केस धरून मागे खेचलं. तिनं त्या हाताचा कडकडून चावा घेतला.

"फेका त्याला बाबांच्या पायाशी!"

मास्तर धप्पकन डोहात पडला. गर्दीतल्या एका जाळी विकणाऱ्यानं खाली उतरून त्याच्या मानेवर पाय दिला आणि मान पाण्याखाली दाबून धरली. पाणी लाल झालं. ताईनं उडी घेतली, जाळीवाल्याला ढकलून दिलं आणि भावाला काखेत धरून वर काढलं. तोल सावरायला तिनं पाय रोवला, तो तळाशी कशाला तरी टेकला आणि कळ थेट गुडघ्यापर्यंत गेली. वर चटके देणारं पाणी, आणि खाली एवढा गारठा?

भावाला पायरीवर टेकवून तिनं पाण्यात हात घातला. दोरी लागली. जीव खाऊन ओढली, तेव्हा दगड बांधलेलं गोणपाट वर आलं. ते फाटलं आणि आतली बर्फाची लादी पायरीवर आपटून फुटली.

"तो बाबांच्या तपाचा गारवा आहे!" टोपल्या विकणारा बाबाचा एक चेला किंचाळला.

"तपाला गोणपाट लागतं होय रे, मेल्या?" ताई कडाडली.

मास्तरनं तोंडातलं रक्त थुंकलं. धापा टाकत तो बोलला, "उन्हाळा वर्षागणिक वाढतोय, वरून नदीचं पाणी कमी येतंय, म्हणून खाडी तापते. तापलेल्या पाण्यात हवा कमी मुरते, मासे गुदमरतात. जिथं गारवा मिळेल तिथं ते जीव घेऊन धावतात. यानं बर्फ लावून सापळा रचलाय. आणि पोटात अंडी असलेल्या माद्या विकतोय. त्या संपल्या की या माशांची जातच संपली."

मग तीच गर्दी, तीच वल्ही, बाबावर धावली. पहिल्याच फटक्यात त्याचं नाक फुटलं. सगळ्यांत पुढे ताई होती. तिनं वल्हं त्याच्या डोक्यावर उगारलं.

मास्तरनं तिचा घोटा धरला. "ताई, नको. पोलिसांना बोलव. याला ठेचून पाणी गार होणार नाही."

भावाच्या फुटलेल्या डोळ्यातून रक्त गळत होतं, आणि तो डोळा गेला, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिनं वल्हं टाकलं आणि लिलावाच्या आवाजात गरजली,

"टोपल्या पाण्यात रिकाम्या करा! जो मासा जिवंत असेल तो जाऊ दे. आणि ऐका. थाप यानं मारली, पण दगड तुम्ही मारलेत. मीसुद्धा हात जोडूनच उभी होते. या पाण्यात एकदा हात घालून बघायचं आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही. पुढच्या वेळी कुणी चमत्कार दाखवला, कुणाकडे बोट दाखवलं, तर हात जोडायच्या आणि उगारायच्या आधी तो हात पाण्यात घालून बघा. एवढं तरी कराल?"

जाळी विकणारा पुढे आला आणि त्यानं पहिली टोपली उलटी केली.