खुर्चीतला व्यायाम

आमच्या ह्यांचं नाव तातेराव. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी ते तोंडातून काढलं नाही, पण लिहायला काय हरकत आहे? इथं हैदराबादला रेल्वेत गार्ड होते. काचीगुडा ते मनमाड आणि मनमाड ते काचीगुडा, यातच उभी हयात गेली. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली तरी घरात वागणं गार्डाचंच. जेवायला पाच मिनिटं उशीर झाला की घड्याळाकडे बघणार, माझ्याकडे नाही. असा माणूस आपल्या एकुलत्या एक लेकीशी चार वर्षं बोलला नाही, आणि मी ते चालवून घेतलं. राग मला दोघांचाही येतो, पण स्वतःचा जास्त येतो.

माधवी आमची लेक. कबड्डीत शाळेपासून पुढे. खेळाच्या कोट्यातून सिकंदराबादला रेल्वेच्या ऑफिसात लागली, तेव्हा ह्यांनी अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. दोन वर्षांनी ती म्हणाली, नोकरी सोडते, पुण्याला जाते, लोकांना व्यायाम शिकवते. हे भडकलेच. "परभणीहून आलो तेव्हा अंगावर एक शर्ट होता. बाबासाहेबांमुळं आपल्या हाती सरकारी कागद आला. तो तू फेकणार? लोकांना उठाबशा काढायला लावायला?" तीही ह्यांचीच लेक, उलट बोलली. शेवटी हे म्हणाले, "गेलीस तर परत या घरात पाय ठेवायचा नाही." तिनं बॅग उचलली. गाडी सुटायच्या वेळेला हे गॅलरीत उभे होते. आमच्या घरातून शिट्टी ऐकू येते. शिट्टी झाली, हे आत आले आणि म्हणाले, "वेळेवर सुटली."

तेव्हापासून दुपारी तीनला, हे झोपले की, तिचा मला फोन. व्हिडिओवर बोलायचं तर आवाज मोठा होतो, म्हणून साधाच, हळू आवाजातला. हे झोपलेले नसायचे, मला माहीत होतं. झोपलेला माणूस कूस बदलतो, घोरतो. हे तीन ते सव्वातीन अगदी लाकडासारखे पडून असायचे.

मग लॉकडाऊन आला. गाड्या बंद झाल्या, आणि काचीगुड्यात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पहिला आठवडा हे गॅलरीत येरझाऱ्या घालत होते. गाडीच्या वेळेला थांबायचे, कान द्यायचे, पुन्हा चालायचे. दुसऱ्या आठवड्यात खुर्चीत बसले ते बसलेच. पायाला सूज आली. बोलणं म्हणजे हं आणि उहूं. डॉक्टरांचा दवाखाना बंद. मी घाबरले. तीनच्या फोनवर माधवीला सगळं सांगितलं. ती काहीच बोलली नाही. मला वाटलं, पोर दगड झाली.

चार दिवसांनी तिचा व्हिडिओ आला. खाली लिहिलं होतं, "आई, घरी अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी केलाय. खुर्चीतला व्यायाम. तू कर." मी व्यायाम कसला करते! मी तिला बघितलं. गालफडं बसली होती. मागे भिंतीला दोरी बांधून त्यावर टॉवेल वाळत घातला होता, म्हणजे खोली एकच असणार. केस कापले होते, मला सांगितलं नव्हतं. सोळा मिनिटांचा व्हिडिओ मी तीनदा पाहिला आणि तीनदा रडले. बघायला मिळालं म्हणून आणखीच आठवण यायला लागली.

रोज एक नवा व्हिडिओ येऊ लागला. आठवड्याभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. रात्री पूर्ण चार्ज केलेला माझा फोन सकाळी अर्धा उतरलेला असायचा. ह्यांचा स्वतःचा फोन बटणांचा, त्यात दिसत काही नाही. एके दिवशी मी सहालाच उठले. हॉलमध्ये हे खुर्चीत बसलेले, समोर स्टुलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून माझा फोन, आणि फोनमधून आमची माधवी म्हणतेय, "श्वास घ्या. सोडा."

मला बघितल्यावर हे दचकले. "बातम्या बघत होतो," म्हणाले.

"हो का? काय म्हणतायत बातम्या?"

"श्वास घ्या म्हणतायत," हे म्हणाले आणि फोन पालथा घातला.

दुसऱ्या दिवसापासून मीच रात्री फोन त्या स्टुलावर ठेवायला लागले, आणि हे तो तिथं आपोआप आल्यासारखा उचलायला लागले. मी स्वयंपाकघरात कणीक मळत ऐकायची. गंमत म्हणजे हे व्हिडिओशी बोलायचे. ती म्हणायची, "बसलात का सगळे? पाठ ताठ," आणि हे म्हणायचे, "बसलो, बसलो." ती म्हणायची, "पाणी प्यालात का?" हे म्हणायचे, "प्यालो की. तू प्यालीस का?" चौदा एप्रिलला ती पांढरा कुर्ता घालून आली, आधी जय भीम म्हणाली, मग व्यायाम. तो व्हिडिओ ह्यांनी दोनदा लावला. जयंतीला घराबाहेर न पडण्याची आमची ती पहिलीच वेळ. पायाची सूज उतरत होती. तोंडाचं कुलूप मात्र फोनपुरतंच उघडायचं.

एका व्यायामावर मात्र हे अडून बसायचे. माधवी म्हणायची, दोन्ही हात वर, तळवे समोर. हे एकच हात वर करायचे. मी एकदा दारातून म्हटलं, "दोन्ही म्हणतेय ती."

"दोन्ही हात वर म्हणजे धोका. गाडी जागच्या जागी थांबवायची," हे म्हणाले. "उगाच दाखवायचे नसतात. एक हात म्हणजे जाऊ दे." गार्डाची नोकरी सुटली, हात सुटले नाहीत. लहानपणी माधवीही ह्यांच्यासोबत गॅलरीत उभी राहून प्रत्येक गाडीला एक हात दाखवायची. दोन दाखवले की हे रागवायचे.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी तिचा फोन आला. "आई, उद्या सकाळी सातला मी सगळ्यांना एकत्र घेणारेय. नुसता व्हिडिओ नाही. तुम्ही मला दिसाल, मी तुम्हाला दिसेन, आवाज पण येईल. लिंक पाठवते. ये गं. तुला बघायचंय मला." तिचा आवाज असा कापरा मी आधी कधी ऐकला नव्हता. शेजारच्या कुसुमताईंच्या सुनेनं दारातच उभं राहून, तोंडाला ओढणी बांधून, माझ्या फोनमध्ये ते ॲप टाकून दिलं. नावही घातलं, विमलाबाई, हैदराबाद. रविवारी मी ठेवणीतली साडी नेसले. ह्यांना काय सांगायचं हे ठरत नव्हतं, म्हणून काहीच सांगितलं नाही.

पावणेसातला खालून दूधवाल्यानं हाक मारली. एकेकाला लांब उभं करून तो दूध देत होता. वर यायला मला सात वाजून गेले. दारातच आवाज ऐकू आला, एकटीचा नाही, पुष्कळ लोकांचा. म्हाताऱ्या माणसांचे, एक, दोन, तीन असे मोजण्याचे आवाज.

ह्यांनी रोजच्या सवयीनं फोन उचलला होता, आलेलं निळं अक्षर दाबलं होतं, पुढे जे जे विचारलं गेलं त्याला हो म्हटलं होतं आणि फोन तांब्याला टेकवला होता. तोही असा, की पडद्यावरच्या आमच्या चौकोनात वरचा पंखा, ह्यांची बनियन आणि एक खांदा एवढंच दिसत होतं. तोंड नाहीच. बाकी पंधरा-सोळा चौकोनांत कुठं आजी, कुठं आजोबा, आणि वरच्या चौकोनात माधवी.

"आज लोक गोळा केलेत वाटतं," हे तिला म्हणाले. सगळ्यांच्या मोजण्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. ह्यांना तो रोजच्यासारखा आधी करून ठेवलेला व्हिडिओच वाटत होता.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. दुधाची पिशवी हातात घेऊन मी दारात उभी राहिले आणि सांगितलं नाही. चार वर्षं मी गप्प बसून चूक केली होती. त्या दिवशी मुद्दाम गप्प बसले.

"आता दोन्ही हात वर," माधवी म्हणाली. "तळवे समोर. मोठ्यानं मोजा. एक. दोन."

सगळ्या चौकोनांत दोन-दोन हात वर गेले. आमच्या चौकोनात एक.

"तीन," माधवी म्हणाली, आणि थांबली. पडद्याच्या जवळ आली, इतकी की तिचे डोळेच दिसायला लागले. हात खाली घ्यायचंही विसरली. बाकीचे चार-पाचपर्यंत मोजत गेले आणि एकेक करून गप्प झाले.

"थांबलीस का गं?" हे म्हणाले. आता आवाज घरभर ऐकू येत होता, आणि पुण्यातही. "दमलीस? दमणारच. हाडं दिसतायत. काही करून खात नसशील, चहा-बिस्किटावर दिवस काढत असशील. आईला तीनला फोन करतेस, मला कळतं सगळं." ह्यांनी वर केलेला हात मांडीवर ठेवला. "मी बोललो ते बोललो. पण तू लगेच बॅग उचललीस. एक दिवस थांबायचं होतंस. दुसऱ्या दिवशी माझा राग गेला होता. मग कुणाला सांगू? चार वर्षं झाली. आता रोज बघतो तुला इथं. बघून भागत नाही, माधे. ये गं घरी."

मग एका चौकोनातून एक आजी, नाकावर चष्मा घेतलेल्या, म्हणाल्या, "अहो दादा, मॅडम तुमची लेक आहे का?"

हे फोनकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. "हे कोण बोललं?"

"सगळे ऐकतायत," मी म्हणाले. "तीही ऐकतेय. आजचं खरंखुरं चालू आहे."

हे ताडकन उठले. अंगात बनियन, खाली लुंगी, डोळ्यांत पाणी, आणि पळायला जागा नाही. पोलिसानं पकडल्यासारखा चेहरा झाला.

"बाबा, बसा." माधवी म्हणाली. "पाठ ताठ. अजून सात राहिलेत."

हे बसले. आयुष्यात कधी कुणाचं एका शब्दात न ऐकलेला माझा नवरा निमूट बसला. तिनं "चार" म्हणायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. तेव्हा त्या चष्मेवाल्या आजींनी मोजायला सुरुवात केली आणि बाकी सगळ्यांनी दहापर्यंत नेलं.

एकेक चौकोन निरोप घेऊन बंद होत गेला. शेवटी दोनच उरले. मी जाऊन ह्यांच्या खुर्चीमागे उभी राहिले आणि फोन सरळ केला, तेव्हा कुठं आमचे चेहरे तिला दिसले. चार वर्षांत तिच्या कपाळावर एक आठी आली होती. तिला आमचं काय काय दिसलं असेल कोण जाणे.

"बाबा, मी आजच निघाले असते," ती म्हणाली. "गाड्या कधी सुरू होणार?"

अख्ख्या लाइनीचं टाइमटेबल ज्याला पाठ, त्या माणसाला सांगता येईना. माझ्याकडे बघितलं, गॅलरीकडे बघितलं. "मी विचारून सांगतो," म्हणाले.

मला वाटलं, कुणाला तरी फोन करतील. ह्यांनी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला, तोंडाला रुमाल बांधला आणि चप्पल घातली. महिन्याभरात पहिल्यांदा जिना उतरले. "कुठं निघालात?" म्हणत मीही मागून. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दहा मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला अर्धा तास लागला, पण हे कुठं बसले नाहीत. स्टेशनचं फाटक बंद, साखळी लावलेली. बाहेर एक पोलीस खुर्ची टाकून बसला होता.

"चाचा, किधर?" तो म्हणाला.

"गाडी का पूछना था."

"गाड्याँ कहाँ हैं चाचा? सब बंद है. टीव्ही नहीं देखते क्या? घर को जाव."

"मालूम है," हे म्हणाले. "बेटी पूना से आनेवाली है. पूछ के बोलता बोला उसको."

पोलिसानं ह्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ओरडेल असं वाटलं. तो उठला, फाटकातून आतल्या कुणाला तरी हाक मारून विचारलं, आणि परत येऊन म्हणाला, "अंदर भी किसी को नहीं मालूम, चाचा."

हे फाटकाच्या गजांतून आत बघत उभे राहिले. रूळ चमकत नव्हते. रोज गाडी गेली नाही की ते तसे होतात, असं मला नंतर ह्यांनीच सांगितलं. मग तिथंच, फाटकाशी, माझा फोन मागून घेतला. नंबर लावता येईना तेव्हा मी लावून दिला, पण कानाला ह्यांनीच धरला.

"माधवी, इथंही कुणाला माहीत नाही अजून," हे म्हणाले. "उद्या परत येऊन विचारतो."

"उद्या किती वाजता?" तिचा आवाज मला शेजारी उभं राहूनही ऐकू आला.

"तुझा व्यायाम झाला की," हे म्हणाले.