फ्रीजवरचे नऊ दिवस

मंगळवारी संध्याकाळी सहाला आठ मिनिटं कमी असताना आम्ही रस्टी टॉलिव्हरला संघातून काढलं.

आता हे विसरा. असं काही घडलेलं नाही. आमच्या क्लबात कुणाला काढत नाहीत. फार तर एखाद्याचं नाव यादीत आढळून येत नाही. तेव्हा आपण मंगळवार सकाळपासून सुरुवात करू. रस्टी अजून यादीत आहे आणि मी, पोर्ट हॅलिडे हेरन्स या बेसबॉल क्लबच्या यादी-व्यवस्थापन विभागाचा उपसंचालक, बैठकीच्या खोलीत डोनट खातो आहे. या विभागाला संचालक नाही. मी नेमका कुणाचा उप आहे हे तीन वर्षांत मला कुणी सांगितलेलं नाही.

हेरन म्हणजे बगळा. गेल्या मोसमात आमचे बगळे एकशे एक सामने हरले. क्लबच्या अहवालात या कामगिरीला ‘पायाभरणीचं वर्ष’ म्हटलं आहे. हे सलग सहावं पायाभरणीचं वर्ष. एवढ्या पायावर एव्हाना एखादा किल्ला उभा राहिला असता.

नियम सोपा आहे. हिवाळ्यात क्लबनं चाळीस खेळाडू आपल्या यादीत ठेवायचे. एकेचाळीस नाही. नोव्हेंबरातल्या त्या ठरलेल्या मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत यादी लीगच्या कचेरीत पोचली पाहिजे. खालच्या संघांत तयार होणारं एखादं पोर तोवर यादीत घेतलं नाही, तर डिसेंबरात दुसरा क्लब त्याला उचलून नेऊ शकतो. आमच्याकडे असं एक पोर होतं, ब्रेडेन हॅक्स नावाचं. वय एकवीस. तो ताशी एकशे एक मैलांच्या वेगानं चेंडू फेकतो. कुठे, ते अजून ठरलेलं नाही.

त्याला यादीत घ्यायचं हे आमचे जनरल मॅनेजर ग्रँट व्हिटलसी यांनी जुलैतच ठरवलं होतं. ग्रँट अडतीस वर्षांचा आहे, शाळेनंतर त्यानं बॅट हातात धरलेली नाही, आणि तो बारा महिने बिनबाह्यांचं जाकीट घालतो. त्याचं बघून खोलीतले आठही जण तसलंच जाकीट घालतात. मीही घालतो. बाहेरच्या माणसाला वाटावं की क्लबनं बाह्यांवरचा खर्च बंद केला आहे.

खेळाडूंची नोंद ठेवायला आमच्याकडे उत्तम कॉम्प्युटर आहेत. पण थोर माणसं हातांनी विचार करतात असं ग्रँटनं कुठंतरी वाचलं, आणि बैठकीच्या खोलीत भिंतभर लोखंडी फळा आला. फळ्यावर चाळीस घरं, प्रत्येक खेळाडूच्या नावाची एक चुंबकाची पट्टी. मोसम चालू असताना ज्यांची दुखापत फार लांबते ते चाळीसात धरले जात नाहीत. त्यांच्या पट्ट्या कुठे ठेवायच्या, असा प्रश्न मे महिन्यात निघाला. फळ्यावर जागा नव्हती. मी म्हणालो, चहा-कॉफीच्या खोलीतल्या फ्रीजवर लावू, तात्पुरत्या. तात्पुरती म्हणजे आमच्याकडे कायमचीच गोष्ट, फक्त तिला जबाबदार कुणी नसतं.

त्या फ्रीजवर एकच पट्टी लागली होती. केसी मंक, पिचर म्हणजे चेंडू फेकणारा, कोपराची शस्त्रक्रिया. दोन वर्षांत त्यानं एक चेंडू फेकलेला नाही. मोसम संपला की पाच दिवसांत अशा जखमींनाही चाळीसात परत धरावं लागतं. हे मला माहीत होतं. हे सांभाळायलाच तर माझा विभाग आहे.

पण नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण येतो, आणि त्याच्या आधी क्लब प्रत्येक कर्मचाऱ्याला सणाच्या जेवणासाठी एक गोठवलेली टर्की, कोंबडीच्या चौपट पक्षी, देतो. चहा-कॉफीच्या खोलीचा कारभार एकतीस वर्षं डोरीनकडे आहे. तिनं टर्क्या ठेवायला भलामोठा फ्रीझर मागवला आणि जुना फ्रीज तळघरात, पाहुण्या संघाच्या ड्रेसिंग रूममध्ये धाडून दिला. त्याच्याबरोबर केसी मंकही गेला. कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही. मलाही नाही.

त्यामुळे मंगळवारी फळ्यावर एकोणचाळीस पट्ट्या होत्या. ग्रँटनं हॅक्सची पट्टी रिकाम्या घरात लावली. चाळीस झाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. सकाळचे अकरा वाजले होते. बैठक पाचपर्यंत ठेवलेली असल्यामुळे ती पाचपर्यंत चालली.

आता रस्टीचं सांगतो.

रस्टी टॉलिव्हर सदतीस वर्षांचा, राखीव कॅचर. गुडघे मोडून बसायचं आणि दुसऱ्यानं फेकलेलं झेलायचं, हा त्याचा धंदा. मोठ्या लीगमधली त्याची नोकरी नऊ वर्षं आणि एकशे त्रेसष्ट दिवस झाली होती. एकशे बहात्तर दिवसांचं वर्ष धरतात, म्हणजे दहा वर्षं भरायला नऊ दिवस हवेत. ज्यांनी कधीतरी मोठ्या लीगचा शर्ट घातला त्यांतल्या दहांतल्या एकालाही हे साधत नाही. साधलं की त्या दिवशी सगळा संघ ड्रेसिंग रूममध्ये बिअरच्या बाटल्या घेऊन उभा राहतो आणि त्या माणसाला नखशिखान्त भिजवतो. मी मी म्हणणारे तिथं लहान मुलासारखे रडतात. रस्टीनं आजवर चौघांना भिजवलं आहे. स्वतः कोरडाच.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो वर आमच्या मजल्यावर आला आणि ग्रँटला त्यानं कॉरिडॉरमध्येच गाठलं. मी बाजूला होतो.

“पुढच्या वर्षाचा करार झालेलाच आहे, पगार तू देशीलच,” रस्टी म्हणाला. “मला फक्त मोसमाचे पहिले नऊ दिवस हवेत. खेळवू नकोस. बाकावर पण बसवू नकोस, मी चेंडूंच्या बादलीशेजारी बसतो. दहाव्या दिवशी सकाळी हाकलून दे. बॅग भरलेलीच असेल.”

ग्रँटनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “रस्टी, अरे तू घरातला आहेस.”

हे वाक्य मी तीन वर्षांत सात जणांच्या बाबतीत ऐकलं आहे. त्या सातांपैकी आज इमारतीत कुणीही नाही.

ग्रँट निघून गेल्यावर रस्टी माझ्याकडे वळला. “ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग लिहून ठेव, उपसंचालक. याला घरातली माणसं लक्षात राहत नाहीत.”

मी लिहून ठेवलं, तारीख घालून.

तर मंगळवारी पाच वाजून पस्तीस मिनिटांनी लीगच्या कचेरीतून फोन आला. तिथल्या यादी विभागाच्या प्रमुख मिसेस लिंडक्विस्ट बोलत होत्या. सकाळी कळवलेला हॅक्स धरून आमच्या नोंदीत तुमची एकेचाळीस नावं दिसतायत, म्हणाल्या. ग्रँट म्हणाला, पुन्हा मोजा. त्या म्हणाल्या, दोनदा मोजली, दोन्ही वेळा चाळीस झाल्यावर एक उरतो.

मग आम्ही आठही जणांनी फळा मोजला. चाळीस भरले. क्रीडाविज्ञान संचालकांनी बोट लावून मोजले, तरी चाळीसच भरले. लीगचंच काहीतरी चुकतंय असं त्यांनी सुचवलं. शेवटी ग्रँटनं बाईंना नावं वाचायला सांगितली. सत्ताविसावं नाव आलं, मंक, केसी.

“तो अजून आपल्याकडे आहे?” कुणीतरी विचारलं.

मी सांगितलं, की तो फ्रीजवर आहे.

“कुठल्या फ्रीजवर?”

डोरीन दारात टर्कीच्या पावत्या घेऊन उभी होती. “तळघरात,” ती म्हणाली. “मला वाटलं कुणीतरी विचारेल.”

सहा वाजायला वीस मिनिटं होती. ग्रँटनं तीन संचालकांना मंकची पट्टी आणायला पिटाळलं. मी म्हणालो, पट्टी कशाला हवी, नाव आहे ना. तो म्हणाला, पट्टी हातात आल्याशिवाय मी निर्णय घेत नाही. ते निघताना त्यानं बजावलं की जे असेल ते जसंच्या तसं वर आणा. ही माणसं सूचना शब्दशः पाळतात, म्हणूनच ती संचालक आहेत. पाच अठ्ठेचाळीसला लिफ्ट उघडली आणि ढकलगाडीवरून अख्खा फ्रीज बैठकीच्या खोलीत आला. आत पाहुण्या संघाचं सरबत हिंदकळत होतं.

आता एक माणूस कमी करायचा होता आणि हातात बारा मिनिटं होती.

मी म्हणालो, मंकला सोडा. डॉक्टर म्हणतात तो येत्या वर्षीही फेकणार नाही. ग्रँटनं सूत्राकडे बोट दाखवलं. आमच्याकडे एक सूत्र आहे, सगळे खेळाडू त्यात घालायचे आणि ते क्रम लावून देतं. मंक बारावा होता, कारण गेल्या दोन वर्षांत त्याच्याविरुद्ध प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव काढता आलेली नव्हती. हॅक्स तिसरा होता, कारण तो एकवीस वर्षांचा होता, आणि आमच्या सूत्रात यापेक्षा मोठं कौशल्य नाही. एकेचाळिसावा रस्टी. हॅक्सनं जमिनीत, आकाशात आणि पंचाच्या अंगावर फेकलेले चेंडू वसंतातल्या सराव शिबिरात कुणी झेलले, सामन्यात तो थरथरायला लागल्यावर त्याच्याजवळ जाऊन कुणी त्याला आपल्या सासऱ्याच्या शस्त्रक्रियेची गोष्ट सांगितली आणि हसवलं, त्याचा सूत्रात रकाना नाही. मी एकदा रकाना वाढवायला सांगितलं होतं. रकान्याला शीर्षक काय द्यायचं यावर ते अडलं.

मी खणातून तो कागद काढून ग्रँटपुढे ठेवला. नऊ दिवस. तारीख. त्यानं तो नीट वाचला.

“हे अक्षर कुणाचं?”

“माझं.”

“म्हणजे मी काही लिहून दिलेलं नाही.”

“तू बोलला होतास. घरातला आहेस म्हणालास.”

“आहेच तो घरातला,” ग्रँट म्हणाला. “आपण फक्त नाव काढतोय.”

पाच बावन्न. मी स्वतः नाव काढून यादी पाठवली. बटण दाबणं हा माझ्या विभागाचा अधिकार आहे, आणि तेवढाच आहे. सहा वाजता क्लबचं निवेदन निघालं, त्यात रस्टीच्या अमोल योगदानाबद्दल आभार होते. सोबतचा फोटो दुसऱ्याच कॅचरचा होता. तोंडावर जाळी असल्यानं कुणाच्या लक्षात आलं नाही.

गुरुवारी सकाळी रस्टी आपलं कपाट रिकामं करायला आला. दारावर त्याला सांगण्यात आलं की यादीत नाव नाही. डोरीननं ऐकलं. “माझ्या यादीत आहे,” ती म्हणाली आणि त्याला टर्की दिली. डोरीनच्या यादीतून एकतीस वर्षांत कुणाचंही नाव कमी झालेलं नाही. दरवर्षी टर्क्या कमी पडतात त्या यामुळेच.

टर्की काखेत धरून तो बैठकीच्या खोलीत डोकावला. फ्रीज अजून तिथंच होता. तो परत न्यायचा हुकूम कुणी दिलेला नव्हता. मी त्याची पट्टी कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या बेतात होतो. गेलेल्यांच्या पट्ट्या त्या डब्यात जातात. डबा जवळपास भरलाय.

मी म्हणालो, रस्टी, फ्रीजचा घोळ माझा आहे. मे महिन्यात मीच लावली होती ती पट्टी.

“माहितेय,” तो म्हणाला. “डोरीननं सांगितलं.” टर्की दुसऱ्या काखेत घेत त्यानं विचारलं, “दुसरीकडून कुणी बोलावेल असं वाटतं तुला? नऊ दिवसांसाठी?”

मला सूत्राचा क्रम आठवला. बाकीच्या क्लबांकडेही सूत्रं आहेत. जाकिटंही तीच आहेत.

त्यानं माझ्या हातातून आपली पट्टी घेतली आणि फ्रीजवर लावली. “जखमींत राहू दे मला. गुडघे तर खरंच दुखतात.”

कुणी बोलावलं नाही.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी ब्रेडेन हॅक्सनं गाडीतून टर्की उचलताना खांदा दुखावून घेतला. फेब्रुवारीत शिबिर सुरू झालं तेव्हा तो आणि मंक दोघेही लांबलेल्या जखमींत गेले, म्हणजे चाळीसातून बाहेर. अठ्ठावीस मार्चला मोसम सुरू झाला तेव्हा फळ्यावर अडतीस पट्ट्या आणि दोन रिकामी घरं होती. मी ग्रँटला म्हणालो, नऊ दिवसच हवे आहेत, घरं मोकळीच आहेत. तो म्हणाला, नवा फळा येतो आहे, तो येईपर्यंत जुन्यात फेरफार नको. नवा फळा सहा एप्रिलला आला. पहिल्याच दिवशी त्यावर दोन नावं चढली. ती दोन्ही आता खांद्यासाठी डॉक्टरांकडे जातात.

त्यानंतर मी लीगच्या कचेरीला पुढील अर्ज पाठवला आहे.

‘प्रति, यादी विभाग प्रमुख मिसेस लिंडक्विस्ट यांस. महोदया, दिनांक २८ मार्च ते ५ एप्रिल या नऊ दिवसांत आमच्या क्लबच्या यादीत दोन जागा रिक्त होत्या, आणि याच कालावधीत श्री. रस्टी टॉलिव्हर यांच्या नावाची पट्टी क्लबच्या बैठकीच्या खोलीत, क्लबच्या मालकीच्या चालू स्थितीतील फ्रीजवर, सलग व विनाखंड लावलेली होती. सोबत फ्रीजचा फोटो जोडला आहे. सदर नऊ दिवस श्री. टॉलिव्हर यांच्या सेवेत धरण्यात यावेत. नियमांनुसार ते शक्य नसल्यास, मोसमातील सोयीच्या कोणत्याही एका दिवशी, सामना संपल्यानंतर, आमच्या ड्रेसिंग रूममध्ये सर्व खेळाडूंना बिअरच्या बाटल्या घेऊन उभं राहण्याची, आणि यादीत नसलेल्या एका इसमाला पूर्णपणे भिजवण्याची लेखी परवानगी मिळावी, ही विनंती.’