दहा गुण कापलेल्या क्लबचा मफलर

मी एक नारंगी मफलर. मुक्काम सनीव्हेल, कॅलिफोर्निया. हसा, हसा! जिथे डिसेंबरातही लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून हिंडतात, तिथे मफलरला कोण विचारतो? पण मला विचारणारा एक आहे. उल्हास त्याचं नाव. दर शनिवारी सकाळी सात वाजता, बाहेर कितीही उकडत असलं तरी, तो मला गळ्यात घालून कॉम्प्युटरसमोर बसतो आणि इंग्लंडातल्या सामन्याची कॉमेंट्री ऐकतो.

माझा जन्म तिकडचाच, थॉर्नबेक नावाच्या लहानशा गावातला. २००१ साली पुण्याच्या कंपनीनं उल्हासला वर्षभराच्या कामावर तिथे धाडलं. त्याची बायको शोभना बाळंतपणाला माहेरी गेलेली. गावात ओळख ना पाळख, आणि दुपारी चारला काळोख. शेजारी रे नावाचा म्हातारा राहायचा. त्यानं एका शनिवारी दार ठोठावलं आणि म्हणाला, "भिंतींकडे काय बघत बसलायस? चल, आमचा क्लब हरताना बघ."

थॉर्नबेक टाउन खरंच हरला. टीव्हीवर दिसतात त्या बड्या क्लबांपैकी हा नव्हे बरं का. हा खालच्या डिव्हिजनमधला. इथला गोलकीपर भाजीच्या दुकानात रांगेत भेटतो आणि पाऊस आला की प्रेक्षकांचा अर्धा स्टँड गळतो. पण उल्हास पुढच्या शनिवारीही गेला, त्याच्या पुढच्याही. थंडीनं त्याचे दात वाजताना पाहून रेच्या बायकोनं, डोरीनबाईंनी, रेच्या मफलरातून उरलेली लोकर घेतली आणि मला विणलं. माझ्या एका टोकाला चहाचा डाग आहे. गोल झाला तेव्हा रेनं उडी मारली आणि अख्खा कप माझ्यावर. परक्या मुलखात उल्हास त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर हसला, म्हणून तो डाग मला दागिन्यासारखा वाटतो.

वर्षानं उल्हास अमेरिकेत आला, शोभना आली, त्यांची सई आली. मीही आलो. माझ्यावरून घरात वाद ठरलेला.

"त्या मफलरला वास येतोय रे," शोभना म्हणायची.

"सीझन संपू दे. मध्येच धुतला तर टीम हरते."

"न धुता तरी कुठे जिंकतेय?"

बायको बरोबर बोलत होती, पण कबूल कोण करणार?

मग २००६ चा उन्हाळा आला आणि क्लबावर संकट कोसळलं. मालकानं नवं स्टेडियम, नवे खेळाडू अशी स्वप्नं दाखवून वारेमाप कर्ज काढलं आणि एक दिवस हात वर केले. क्लबचा कारभार कोर्टानं नेमलेल्या माणसाकडे गेला. आता लीगचा नियम असा, की क्लब या थराला गेला की त्याचे दहा गुण कापायचे. म्हणजे नव्या मोसमाची सुरुवात शून्यावरून नाही, उणे दहावरून. शिवाय सप्टेंबर संपायच्या आत चाहत्यांच्या संस्थेनं क्लब चालवण्याइतका पैसा उभा करून दाखवायचा. नाही दाखवला, तर लीगमधून नावच काढणार. एकशे चार वर्षांचा क्लब, पुसला की गेला.

रेचा फोन आला तेव्हा मी खुर्चीच्या पाठीवर होतो. म्हाताऱ्याचा आवाज बसलेला. "डोरीन गेल्यापासून मला शनिवारी जायला ती एकच जागा आहे, उल्हास."

उल्हास म्हणाला, "मी काहीतरी पाठवतो. नक्की पाठवतो." आणि फोन ठेवून बराच वेळ माझी झालर बोटानं विंचरत बसला.

त्याचे वडील अण्णा तेव्हा सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांनी सगळं प्रकरण समजून घेतलं. "कर्ज काढलं कोणी?"

"मालकानं."

"आणि गुण कापले कोणाचे?"

"टीमचे."

"वा रे वा! चोर सोडून संन्याशाला फाशी," अण्णा म्हणाले आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यांच्या गावातली पतसंस्था बुडाली होती. संचालक आजही गाडीतून फिरतात. अण्णांची निवृत्तीची पुंजी मात्र गेली ती गेलीच. घरात हा विषय कोणी काढत नाही.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी इथल्या मराठी मंडळाचा गणपती होता, एका शाळेच्या भाड्यानं घेतलेल्या हॉलमध्ये. उल्हासनं मंडळाच्या खजिनदार प्रतिमाकाकूंची परवानगी काढली, दाराशी एक टेबल मांडलं आणि टेबलावर बादली ठेवली. इंग्लंडात चाहते अशीच बादली खुळखुळवत पैसे गोळा करतात. बादलीला मला बांधलं, टेबलाच्या कापडावर 'आमचा क्लब वाचवा' असा कागद टाचला आणि गडी गेला पार्किंगच्या ड्यूटीवर, अंगात ते झगझगीत हिरवं जाकीट घालून.

इकडे काय झालं ऐका. शाळेचा माणूस आला आणि म्हणाला, दारात टेबल चालणार नाही, आग लागली तर लोक बाहेर कसे पडतील? सजावटीवाला राजेश टेबल हलवायला धावला. त्यानं टेबल मिटून भिंतीला लावलं, कागद आतच दुमडला गेला. बादली उचलून त्यानं ठेवली स्टेजवर, थेट गणपतीच्या पायाशी. आणि मग त्याची नजर माझ्यावर पडली.

"अरे वा, मिळालं!" तो ओरडला. बाप्पाचं उपरणं तो फ्रीमाँटला घरीच विसरून आला होता. "भगवं आहे यार, परफेक्ट!"

मी भगवा नाही हो, नारंगी आहे, थॉर्नबेक टाउनचा नारंगी! पण लोकरीला तोंड कुठे असतं? मला बादलीवरून सोडवलं, झटकलं आणि बाप्पाच्या खांद्यावर घातलं. चहाचा डाग राजेशनं एका जास्वंदीच्या फुलाखाली झाकला.

आरती झाली. हॉलमध्ये खरी ज्योत लावायला बंदी, त्यामुळे बॅटरीचं निरांजन. ते ताट काही लोकांमधून फिरवलं नाही. मग हातात नोट घेऊन उभी असलेली माणसं बघू लागली, टाकायची कुठे? समोर बादली! झाली सुरुवात. एकानं टाकली म्हणून दुसऱ्यानं टाकली, आणि मग रांगच लागली. मी बाप्पाच्या कानाजवळ होतो, मला सगळं ऐकू येत होतं. "ग्रीन कार्डाचं बघ रे बाप्पा." "थीसिस डिफेंड होऊ दे." "याच्या डोक्यातलं भारतात परत जायचं खूळ जाऊ दे." हे मागणाऱ्या बाईच्याच मागे उभा असलेला तिचा नवरा पुटपुटला, "हिला एकदा परत जायला पटू दे." देवानं करायचं तरी काय?

पार्किंग भरलं तेव्हा उल्हास आत आला. बादली काठोकाठ! त्याचा चेहरा असा उजळला, की मला गलबलून आलं. "शोभना, बघ! आपल्या लोकांना फुटबॉल कळतो गं!"

तेवढ्यात एका आजींनी नोट टाकली, हात जोडले आणि बादलीला वाकून नमस्कार केला. उल्हास थबकला. वर बघितलं, तर मी बाप्पाच्या खांद्यावर. सगळा उलगडा झाला आणि त्याचं तोंड एवढंसं झालं.

अण्णा शेजारीच होते. उल्हास हळूच म्हणाला, "अण्णा, कोणालाच माहीत नाही. एवढ्या पैशात रेचं काम होईल. आणि बाप्पाला काय कमी आहे?"

"बाप्पाला कमी नाही," अण्णा म्हणाले, "पण आमचे संचालकही असंच म्हणत होते. लोकांनी एका कामाला दिलं, यांनी दुसऱ्याच कामाला लावलं. त्यांचा हेतूही तेव्हा चांगलाच होता म्हणे."

बादली उचलून उल्हास प्रतिमाकाकूंकडे गेला आणि सगळं सांगून मोकळा झाला. काकू खजिनदार होत्या, आणि खजिनदार म्हणजे खजिनदार. "बाळा, देवासमोर आलेला पैसा मंडळाचा. अमेरिकेच्या कायद्यानं मी तो परदेशातल्या फुटबॉल क्लबाला देऊच शकत नाही. उद्या ऑडिटवाल्याला काय सांगू?" आणि त्यांनी बादली मंडळाच्या पेटीत उपडी केली. खळ्ळकन आवाज झाला. खरं सांगतो, मला त्यांचा राग आला होता.

पण रिकामी बादली परत देताना काकू म्हणाल्या, "आता नाटक आहे, त्याच्या आधी पाच मिनिटं माइक देते. काय आहे ते नीट सांग. मग ज्याला द्यायचं तो देईल."

उल्हासला भाषणाची सवय नाही. घामाघूम झाला बिचारा. क्लब, कर्ज, उणे दहा, सगळं चाचरत सांगितलं. मागून कोणीतरी ओरडलं, "अरे, एखाद्या मोठ्या क्लबला सपोर्ट कर ना यार!" हॉल हसला. उल्हासनं माइक खाली केला.

मग अण्णा उठले. माइक त्यांनी घेतलाच नाही. "मला फुटबॉल कळत नाही. पण वरच्यानं बुडवायचं आणि खालच्यानं भरायचं, हे मला चांगलं कळतं. माझी पतसंस्था बुडाली तेव्हा बादली घेऊन कोणी उभं राहिलं नाही." एवढं बोलून त्यांनी पाकिटातून नोट काढून बादलीत टाकली आणि खाली बसले. उल्हास वडिलांकडे बघतच राहिला. घरात कधी न निघालेला विषय अण्णांनी भर सभेत काढला होता.

दुसऱ्या वेळी बादली भरली नाही. निम्मीही नाही. पण जे आलं ते समजून उमजून आलं. मगाशी ओरडणारा तो माणूसही मान खाली घालून काहीतरी टाकून गेला.

उल्हास मला काढायला आला तेव्हा काकूंनी त्याचा हात धरला. "देवाच्या अंगावर घातलेलं वस्त्र असं मध्येच ओढतात का? विसर्जन झालं की ने." मग रविवारी अंगणातल्या टबात विसर्जन झालं, त्याच्या आधी मला उतरवलं. माझ्यावर कुंकवाचा एक डाग राहिला. चहाच्या डागाला सोबत झाली.

पैसे गेले. लीगनं फर्मान काढलं होतं, की परदेशातून आलेला पैसा कोणाचा ते कळवा. उल्हासनं ईमेलमध्ये सरळ लिहिलं, 'गणपती, सनीव्हेल येथे जमा.' चाहत्यांच्या संस्थेचा सेक्रेटरी नेटका माणूस. त्यानं मिस्टर गणपती, सनीव्हेल, यांना संस्थेचं आजीव सभासद करून टाकलं.

तारखेच्या दोन दिवस आधी रक्कम उभी राहिली. क्लब वाचला. दहा गुण मात्र कापलेलेच राहिले, आणि मे महिन्यात टीम चार गुणांनी कमी पडून खालच्या लीगमध्ये घसरली. उल्हास मला तोंडावर धरून रडला. मी दमट झालो, दुसरं काय करणार? मग रेचा फोन आला. "खाली गेलो रे पोरा. पण जायला खाली जागा उरली, हे काय थोडं आहे?"

उल्हासनं त्याला गणपतीची खरी गोष्ट सांगितली. रे इतका हसला की त्याला खोकला आला. "सेक्रेटरीला सांगू नकोस. एकही तक्रार न करणारा आमचा तो एकुलता एक सभासद आहे. आणि लीग हल्ली मालकांची लायकी तपासते म्हणे. हा तरी पास होईल!"

आता २००८ साल चालू आहे. दर वर्षी मिस्टर गणपतींना वार्षिक सभेचं निमंत्रण येतं आणि शोभना ते देवघरात ठेवते. तिनं मला धुवायचा हट्टही सोडलाय. देवानं पांघरलेलं म्हणून मी आता मोज्यांच्या कप्प्यात नसतो, समईशेजारी असतो. टीम अजून खालच्याच लीगमध्ये आहे. अण्णा परत गेले, पण शनिवारी रात्री तिकडून फोन करून विचारतात, "काय रे, आपले जिंकले का?"

परवा राजेश येऊन यंदाच्या गणपतीसाठी मला मागून गेला. उपरणं तो आता मुद्दामच आणत नाही. वर्षातून एकदा मी बाप्पाच्या खांद्यावर असतो, कानाच्या अगदी जवळ. सगळे मागतात, मग मीही मागून घेतो. बाप्पा, ते दहा गुण राहू देत. पुढच्या ऑगस्टात नव्या मोसमाला मैदानाचं फाटक उघडू दे, आणि रे आपल्या जागेवर बसलेला असू दे. तू सभासद आहेस, तुला एवढं तर बघायलाच हवं.