हवाबंद खोली

पंखेवाल्या बाई आल्या तेव्हा मी खिडकीची काच पुन्हा एकदा पुसत होते. स्वच्छ काचेला जादा गुण नसतात हे मला ठाऊक होतं. पण परीक्षेच्या दिवशी पोरं उगाच पेन्सिलीला टोक काढत बसतात ना, तशी माझी गत झाली होती.

बाई नगरपालिकेच्या. घरात काही नवं बांधलं, जुनं बदललं, की ते हरित नियमांत बसतं का हे बघायला येतात. आमचं नवं म्हणजे तळमजल्यावरची अडगळीची खोली. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं, जिना चढायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं, म्हणून अडगळ उपसून तिथे त्यांची खोली करायला घेतली. भिंतींना आतून जाड अस्तर, दुहेरी काचेची खिडकी, शिळी हवा बाहेर टाकून ताजी आत घेणारं यंत्र. सगळं नियमाबरहुकूम, आमच्या ऐपतीला घाम फोडून. आता एकच तपासणी उरली होती, खोलीतून हवा गळते का. दाखला हातात पडल्याशिवाय खोलीत राहायचं नाही.

आणि सासूबाईंना उद्या सकाळी दवाखान्यातून सोडणार होते. दाखला नाही मिळाला तर त्या माझ्या नणंदेकडे जाणार, दुसऱ्या गावी. "तात्पुरतं गं," असं सगळेच म्हणत होते. म्हातारी माणसं तात्पुरती कुठे गेली की त्यांची परतीची तारीख कुणी काढत नाही.

बाईंनी दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं, त्यात मोठा पंखा अडकवला. आत आम्ही चौघं. बाई, नवरा, गवंडी आणि मी. पंखा बाहेरची हवा आत कोंबू लागला, कापड बाहेर फुगलं, माझे कान दडपले. बाई हातातल्या छोट्या पडद्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्या भुवयांकडे.

"नाही बसत," बाई म्हणाल्या. "कुठून तरी चांगलंच गळतंय."

"माझ्या कामात भोक?" गवंडी उखडला. "ताई, मुंगीला विचारा. तीसुद्धा वळसा घालून जाते."

"मुंगीचा दाखला चालत असेल तर बघा," नवरा म्हणाला. घाबरला की तो विनोद करतो. लग्नातही करत होता.

बाईंनी धुराची कांडी पेटवली. खिडकीपाशी धूर सरळ. बटणांच्या पाटीपाशी सरळ. कपाटावर छताचा कोपरा होता, तिथे मात्र तो वाकला, बारीक झाला आणि सुईत दोरा जावा तसा वर निघून गेला. नवरा स्टुलावर चढला. कपाटाच्या मागे, छताला, दोन बोटं जातील एवढं गोल भोक.

तेवढ्यात त्या भोकातून आवाज आला, "खालचं सगळं ऐकू येतंय बरं का. मुंगीचंसुद्धा."

आप्पा. माझे सासरे. वरची खोली त्यांची.

पंखा बंद करून आम्ही वर गेलो. आप्पा पलंगावर बसले होते, पलंगाखाली भोकं पाडायचं यंत्र. उभा जन्म कारखान्यात गेलेला माणूस. भोकाच्या कडासुद्धा घासून गुळगुळीत केल्या होत्या.

"आप्पा, अहो हे काय?" नवऱ्याचा आवाज चिरकला.

"ती रात्री खोकते."

"मग सांगायचं ना! घंटी बसवू. आईनं बटण दाबलं की तुमच्या उशाशी वाजेल."

"ती बोलावेल तेव्हा घंटी वाजणार. तुझी आई कधी कुणाला बोलावते?"

न्हाणीघरात पडल्या तेव्हाही सासूबाईंनी हाक मारली नव्हती. नळ एवढा वेळ का वाहतोय म्हणून आप्पा बघायला गेले, तेव्हा कळलं.

बाई हळूच म्हणाल्या, "आजोबा, हे भोक असेल तर मला दाखला देता येत नाही."

"नका देऊ!" आप्पा म्हणाले. मग खाली बघत, "म्हणजे... द्या. द्याच. आण रे ती लुकणाची नळी इकडे."

गवंड्यानं खालून भोक बुजवलं, वरून आप्पांनी. वर हात दाबून बसतो म्हणाले, म्हणजे सुटायला नको.

पुन्हा लाल कापड, पुन्हा पंखा. मी पदराचं टोक पिळत होते. पडद्याकडे बघताना बाईंनी सहज विचारलं, "हवेचं यंत्र एका माणसापुरतं लावलंय. एकच जण ना?"

"एकच," नवरा म्हणाला. पहिल्या आराखड्यापासून एकच होतं.

पंख्याची घरघर. मग बाईंनी ताणलेल्या भुवया खाली आणल्या. "बसलं. पास."

"आप्पा, पास!" गवंडी छताकडे बघून ओरडला. वरून काही नाही. नवरा ओरडला. मीही. नवऱ्यानं केरसुणीच्या दांड्यानं छत ठोकलं. वर सगळं चिडीचूप.

कापड सोडवेपर्यंत मला दम नव्हता, मी त्याच्या कडेनंच बाहेर पडले आणि जिना चढले.

आप्पा जमिनीवर गुडघ्यांवर, तळवा भोकावर, मान तिरकी, कान खाली.

"झालं का गं?"

"कधीच! तिघं बेंबीच्या देठापासून ओरडलो."

"हो?" त्यांनी हात उचलला. तळव्याला लुकण चिकटलं होतं. "काहीच नाही आलं." थोडा वेळ हाताकडे बघत राहिले. "चांगलं काम झालंय मग."

मी शेजारी बसले. "आप्पा, तुम्हाला खाली झोपायचंय का?"

"खोली लहान आहे. तिची चाकांची खुर्ची फिरायला हवी." मग खिडकीकडे तोंड करून, "आणि या वयात हे असं मागणं... बरं दिसतं का?"

"कपाट काढू बाहेर."

"तिचे कपडे आहेत त्यात."

"राहतील वर. कपड्यांना खोकला येत नाही."

मी जिन्यात धावले. "अहो, बाईंना थांबवा! एक नाही, दोन माणसं सांगा! दोन!"

बाई खाली पंखा पेटीत भरत होत्या. त्यांनी मान वर केली. "करता येईल. पण यंत्र जोरात चालवावं लागेल. आवाज होईल थोडा."

मागे आप्पांनी गादी गुंडाळायला घेतली होती. ते थबकले.

"आवाज किती होईल? खोकला ऐकू येणार नाही इतका?"

मला ठाऊक नव्हतं. मी गादीचं दुसरं टोक धरलं.