कापलेले खोकले

कात्रीबाईंनी कानांवर हेडफोन चढवले आणि मास्तरांचा खोकला शोधायला बसल्या. साफसूफ केलेला आवाज त्यांना नको होता. तो काय, धड्यांच्या सीडीवर दुकानातही विकत मिळत होता. त्यांना हवा होता घशातल्या खरखरीसकट घरातला नवरा.

वेळ थोडा होता. संस्थेचे इंग्रजीचे धडे आता नव्या आवाजात निघणार होते आणि जुनं सगळं पाच वाजता पुसलं जाणार होतं. "हवं ते घेऊन ठेवा, बाई," साहेब सकाळी भिंतीकडे बघत म्हणाले होते. मास्तरांना जाऊन वर्ष झालं, तरी माणसं बाईंशी अजून भिंतीकडे बघूनच बोलायची.

त्यांनी 'होल्ड ऑन'च्या धड्याचं मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग लावलं. मास्तरांनी माईकसमोर वाक्यं वाचायची आणि बाईंनी मागाहून त्यातले खोकले, चुका, खुर्चीची करकर कापायची, अशी नवराबायकोची अकरा वर्षांची वाटणी. कात्री हे नावही मास्तरांनीच पाडलेलं. चांगलं वाक्य म्हणण्याआधी ते टेबलावर टिचकी मारत. पडद्यावरच्या आवाजाच्या रेघेत ती टिचकी खिळ्यासारखी उभी दिसे. खिळ्यापुढचं एक वाक्य ठेवायचं, बाकी सगळं उडवायचं. ऐकायची गरजच नव्हती. नुसत्या नजरेनं बाई दिवसाला तीन धडे हातावेगळे करत आणि वर तोराही मिरवत.

आज मात्र त्या ऐकत होत्या.

टिचकी. "होल्ड ऑन म्हणजे घट्ट धरून ठेवणे. बस वळताना दांडा घट्ट धरा."

टिचकी. "फोनवर कुणाला थांबायला सांगायचं असेल, तरी होल्ड ऑन."

मग खोकला. त्यामागून आणखी एक, लांबलचक. मेला हा खोकला, आणि किती गोड लागतोय कानाला! बाईंनी डोळे मिटून घेतले.

"तिसरा अर्थ, तग धरणे. मदत येईपर्यंत..." मास्तर अडखळले. टिचकी वाजली नाही.

"कात्री, हे काप बरं का. तोंडावर सांगायला जीभ रेटेना, म्हणून इथे सांगतोय. परवा डॉक्टरांकडे गेलो होतो. फुप्फुसात गाठ आहे, पसरलीय. चार-सहा महिने म्हणतात. मी बाहेर बाकावर बसतो. तू आधी पोटभर रडून घे, मग ये."

टिचकी. "मदत येईपर्यंत तग धरा."

बाईंचा हात माउसवर तसाच राहिला. त्यानंतर चार महिन्यांनी मास्तर गेले तेव्हा, आठ दिवसांच्या दुखण्यात होत्याचं नव्हतं झालं, त्याचं त्यालासुद्धा कळलं नाही बिचाऱ्याला, असं सगळे म्हणाले होते. त्या एवढ्याशा समाधानावर त्यांनी वर्ष काढलं होतं.

आणि तो दिवस त्यांना लख्ख आठवला. त्या बाहेर आल्या तेव्हा मास्तर बाकावर बसले होते. उठले, पण जवळ आले नाहीत.

"ऐकलंस?"

"हो हो, सगळं. झालं एकदाचं साफ," त्या म्हणाल्या होत्या. "चला, भाजी घ्यायचीय. नंतर सगळं शिळं उरतं."

मास्तरांनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली होती आणि ते बाजाराकडे चालू लागले होते.

"अगं बाई गं," कात्रीबाई त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. पडद्याकडे पाहिलंच नाही.

बराच वेळ नुसता श्वास.

"कात्री, काल तू भाजी निवडलीस, स्वयंपाक केलास, पडदे धुवायला काढलेस. एका शब्दानं बोलली नाहीस. मी वाट बघत होतो." पुन्हा श्वास, आणि मग मास्तर चक्क हसले. "बरं केलंस गं. रडारड मलाही झेपली नसती. तुला असंच हवं असेल तर असंच. मी घरात विषय काढणार नाही. इथे मात्र बोलेन हं अधूनमधून. तू ऐकतेस, तेवढं पुरे मला."

दार वाजलं. साहेब आत डोकावले.

"घेतलंत का बाई हवं ते? पुसायला घेऊ?"

कात्रीबाईंनी एका कानावरचा हेडफोन बाजूला केला.

"नाही, थांबा," त्या म्हणाल्या. "चार महिन्यांचं ऐकायचं राहिलंय माझं."