पाण्याच्या टाकीमागे, चार वाजता

घरात तिला भिंगरी म्हणत, आणि हळूहळू कचेरीतही तेच नाव पडलं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. वर्तमानपत्राची उन्हाळी पुरवणी तिच्याकडे होती. शहरात दोन महिन्यांत जे जे घडणार त्याची यादी: बागेतली गाणी, तलावाकाठचा पडद्यावरचा सिनेमा, नदीतल्या पोहण्याच्या शर्यती, जुन्या पुस्तकांचा बाजार, बाहुल्यांचे खेळ, रस्ता अडवून काढलेली खडूची चित्रं. यंदा दोनशे बारा कार्यक्रम होते. आणि ही बाई नुसती यादी करून गप्प बसेल तर ना! रोज चार-चार ठिकाणी तोंड दाखवून यायची. दहा मिनिटं इथे, दहा मिनिटं तिथे. गाणं रंगात आलं की हिचं एक पाऊल बाहेर. अकरा वर्षांत तिने एक कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिला असेल तर शपथ. "एक ना धड, भाराभर चिंध्या," असं तिचे बाबा म्हणायचे, आणि तरी दर उन्हाळ्यात तिची पुरवणी लाल पेन्सिल घेऊन पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे.

"खुणा कशाला करता? जाणार थोडेच आहात कुठे?" ती विचारायची.

"जायला नको. कुठे काय चाललंय ते कळलं तरी पुरे."

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं एका अरुंद दुकानात डोळ्याला भिंग लावून बसले. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या देखत त्यांच्या चिमट्यातून एक चाक सुटलं, काउंटरवरून घरंगळलं आणि सापडलंच नाही. गिऱ्हाईक बिचारं भलं होतं. "असू दे हो," म्हणालं. ते 'असू दे'च बाबांना लागलं. संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं ते ओढलंच. हात थरथरतात हे तिला त्या दिवशी कळलं; त्यांना वर्षभर आधीपासून ठाऊक होतं. तेव्हापासून ते गल्लीच्या कोपऱ्यापलीकडे गेले नव्हते.

आता एका सापळ्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. कचेरीसमोर, रस्त्यापलीकडे, दुसऱ्या वर्तमानपत्राची इमारत होती. त्या लोकांना यादी करायचा कंटाळा आणि छापायची हौस. दर वर्षी भिंगरीची यादी उचलायची, आपल्या नावावर खपवायची. म्हणून पुरवणीच्या साहेबांनी एक रीत घालून दिली होती: यादीत एक कार्यक्रम धादांत खोटा घालायचा. तो समोरच्यांकडे उमटला की चोर मुद्देमालासकट सापडला. मात्र वाचकाला फुकटचा हेलपाटा पडता कामा नये. पुरवणी निघायची सोमवारी, म्हणून खोटा कार्यक्रम आदल्या रविवारचा दाखवायचा. वाचक म्हणायचा, अरेरे, हुकला की! आणि पुढे वाचायचा. समोरचे इतके आळशी की तारीखसुद्धा न बघता उतरवून घ्यायचे.

यंदा ती खोटी नोंद लिहायला तिच्याकडे जेमतेम पाच मिनिटं होती. सुचेना काही. मग जे मनात आलं ते लिहून मोकळी झाली: 'बंद घड्याळांचा मेळावा. घरात पडून असलेलं बंद घड्याळ घेऊन या. जुने कारागीर तुमच्यासमोर बसून ते चालू करून देतील. पाण्याच्या टाकीमागची बाग. रविवार, दुपारी चार.'

रविवारी सकाळी साडेसातला साहेबांचा फोन.

"सापडले! समोरच्यांनी आजच्या अंकात शब्दन् शब्द उचललाय. काना-मात्रेसकट!"

भिंगरी हसली. दारातून समोरच्यांचा अंक उचलून आणला, नोंद शोधली, आणि तिचं हसू जागच्या जागी विरलं. रविवार, दुपारी चार. आज रविवारच होता. यंदा पुरवणी सोमवारची वाट बघत थांबली नव्हती. नदीतल्या शर्यती रविवारी सुरू होणार म्हणून ती दोन दिवस आधी, शनिवारीच काढली होती. दोनशे अकरा खऱ्या तारखा तिने दोनदा तपासल्या होत्या. खोटी तारीख कोण तपासतो?

"साहेब, तो कार्यक्रम आज आहे."

"कुठला?"

"जो नाहीये तो."

साहेब म्हणाले, "एवढ्या उन्हात कोण मरायला जातंय बंद घड्याळ घेऊन? उद्या दोन ओळींची दुरुस्ती छापू."

"उद्या छापून काय उपयोग, साहेब?"

"मग आज काय करू? घरोघरी जाऊन सांगू?" म्हणाले आणि फोन ठेवला.

तिने मागे वळून पाहिलं. जेवणाच्या टेबलावर बाबांनी तिची पुरवणी व्यवस्थित घडी घालून ठेवली होती. दर वर्षी वीस-पंचवीस खुणा असत. यंदा एकच होती, आणि ती लाल रेघ त्या घड्याळांच्या मेळाव्याभोवती दोनदा फिरली होती.

बाबा भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देत होते, दोन्ही हातांनी. आत्ता सांगावं, असं तिला वाटलं. पण सांगणार काय? बाबा, तुमच्या धंद्याचं आमिष करून मी चोर पकडत होते? "आज ऊन फार आहे, बाहेर पडू नका," एवढंच बोलून तिने पिशवी उचलली आणि भित्र्यासारखी सटकली. दोन वर्षांत जो माणूस कोपऱ्यापलीकडे गेला नाही, तो आज कुठे जातोय, अशी तिने स्वतःची समजूत घातली. समजूत काही पटली नाही.

नदीवर गेली. शर्यतीची शिट्टी वाजली, पोरं धडाधड पाण्यात पडली, काठावर आरडाओरडा झाला, आणि भिंगरी घड्याळ बघत होती. तिथून पुस्तकांच्या बाजारात. एक पुस्तक उलटं धरून चाळलं. तिथून बाहुल्यांच्या खेळाला. तिथे पुढच्या रांगेतल्या एका आजोबांच्या मनगटावर घड्याळ दिसलं आणि ती उठून बाहेर आली. रोज तिचे पाय तिला पळवायचे. आज मन पळत होतं आणि पाय मागे फरफटत होते. दोन वाजता तिने घरी फोन लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला. मग शेजारच्या काकूंना लावला.

"तुझे बाबा? ते दीडलाच गेले की! इस्त्रीचा शर्ट घातलाय, ती लाकडी पेटी घेतलीय. मी म्हटलं, स्वारी कुठे? तर म्हणाले, बोलावणं आलंय."

बोलावणं! 'जुने कारागीर' हे दोन शब्द तिने नुसते जागा भरायला लिहिले होते. आता तिला सगळं डोळ्यांसमोर दिसायला लागलं. बागेत बाबा पेटी उघडून बसणार. दुसरा कारागीर येणार नाही, आयोजक येणार नाहीत, मांडव नाही, फलक नाही. आणि लोक आलेच तर त्यांच्यासमोर ते हात. पुन्हा कोणीतरी 'असू दे हो' म्हणणार. ते एकदा ऐकून माणसाने दुकान बंद केलं. दुसऱ्यांदा ऐकून काय बंद करेल?

टॅक्सी मिळाली, पण मोठ्या चौकात अडकली. रस्ता बंद. शंभरेक माणसं डांबरावर बसून खडूची चित्रं काढत होती. "आजच्या पेपरात आलं होतं की, वाचलं नाही का?" ड्रायव्हर म्हणाला. आता त्याला काय सांगणार, की बाबा रे, ते मीच लिहिलंय! ती उतरली आणि एका निळ्या माशाच्या शेपटीवर पाय देऊन धावत सुटली. मागून शिव्या आल्या. त्या हक्काच्याच होत्या.

टाकीमागच्या बागेत पोहोचली तेव्हा सव्वातीन झाले होते, आणि तिथे चाळीसएक माणसं उभी होती. तिचे वाचक आणि समोरच्यांचे वाचक, दोन्ही मिळून. चोरांनी गर्दी दुप्पट करून दिली होती. एकाने टॉवेलात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ मुलासारखं छातीशी धरलं होतं. एका बाईच्या हातात गजराचं घड्याळ होतं, एका म्हाताऱ्या आजींच्या मांडीवर पितळी टेबलघड्याळ. आणि झाडाखालच्या सिमेंटच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरून, पेटी उघडून बाबा बसले होते. हात टेबलाखाली मांडीवर.

ती गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेली, वाकली आणि कुजबुजली, "बाबा, उठा. घरी चला. हे सगळं खोटं आहे. मीच लिहिलंय. कार्यक्रमच नाहीये."

"ठाऊक आहे मला," बाबा म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"अगं, अकरा वर्षं वाचतोय तुझी यादी. दर वर्षी एक कार्यक्रम होऊन गेल्यावर छापलेला. आधी वाटलं, आपली पोरगी वेंधळी आहे. मग म्हटलं, घड्याळ रोज बरोब्बर पाच मिनिटं मागे पडत असेल तर तो बिघाड नव्हे, कोणीतरी मुद्दाम तसं लावलंय. यंदा तारीख पुढची पडली, तेव्हाच कळलं की चुकलीस."

"मग आलात कशाला?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं ती शाळेत असताना दुकानात बसून उलटा स्क्रू फिरवायची तेव्हा पाहायचे. "लोकांना कुठे ठाऊक आहे खोटं आहे म्हणून? ते बिचारे उन्हातून घड्याळं घेऊन येणार. इथे कोणीतरी नको का बसायला?"

तिला एकाच वेळी रडू येत होतं आणि या माणसाचा राग येत होता. ती ताठ उभी राहिली आणि गर्दीकडे वळली. "ऐका हो, जरा ऐका," तिने सुरुवात केली.

बाबांनी तिचा हात धरला. त्यांचा हात थरथरत होता, पण पकड घट्ट होती. "खोटं सांगून बोलावलंस, आता खरं सांगून हाकलतेस? त्यापेक्षा काम कर. बस इथे."

"मी?"

"हे हात दिसताहेत ना? डोळे माझे चांगले आहेत. हात तुझे."

"बाबा, वीस वर्षांत मी चिमटा धरलेला नाही. आणि माझ्याच्याने एका जागी बसवत नाही, तुम्हाला माहितीये."

"माहितीये. बस."

ती बसली. गजराचं घड्याळ पहिलं. बाबांनी तिच्या डोळ्याला भिंग लावून दिलं. मागचं झाकण निघालं, आणि ती सगळी चिमुकली चाकं एकदम डोळ्यात घुसली. पहिल्या स्क्रूला हात सरकला. दुसऱ्यालाही. "श्वास सोडून मग धर," बाबा कानाशी म्हणाले. तिने श्वास सोडला. पिशवीत फोन वाजायला लागला. साहेबच असणार, पुढच्या कार्यक्रमाला जायची वेळ झाली होती. पाय आपोआप उठायला निघाले. तिने ते बाकाच्या दांडीला अडकवून ठेवले. धूळ काढली, तेलाचा थेंब सोडला, अडकलेलं चाक चिमट्याने अलगद उचलून परत बसवलं. घड्याळाने एकदा टक् केलं, विचार केल्यासारखं थांबलं आणि मग चालूच झालं. बाई "अय्या!" म्हणून ओरडली, आणि गर्दीतून टाळ्या पडल्या.

सगळंच काही असं झालं नाही. टॉवेलवाल्याच्या घड्याळाचा लंबकच घरी राहिला होता, तो स्वतःवरच चिडून निघून गेला. एकाची नुसती बॅटरी संपली होती. "आयोजक कुठे आहेत?" असं एकाने करड्या आवाजात विचारलं, तेव्हा भिंगरीने भिंग न काढताच "मीच," म्हणून सांगितलं, आणि त्याच्याकडे वरही पाहिलं नाही. पाच वाजले, सहा वाजले. नऊ घड्याळं चालू झाली; बरीच माणसं वाट बघून परतली. मान मोडून आली होती, पाठीचा काटा ढिला झाला होता, आणि बाबा प्रत्येक घड्याळाला नावं ठेवत होते, दुकानात ठेवायचे तश्शीच: "कोणी उघडलं होतं हे? कुऱ्हाडीने उघडलं का?" दोन वर्षांत त्यांचा हा आवाज तिने ऐकला नव्हता.

शेवटी पितळी घड्याळवाल्या आजी राहिल्या. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "ह्याचं एक चाक झिजलंय, आजी. तसं चाक शोधून आणावं लागेल. पुढच्या रविवारी या."

आजी मान डोलावून घड्याळ पदराखाली घेऊन गेल्या. भिंगरी बघतच राहिली.

"बाबा, पुढच्या रविवारी इथे काही नाहीये."

"मग छाप."

"परत खोटं?"

"खोटं कसं? त्या येणार. मी येणार. राहता राहिलीस तू."

तिने चिमटा पुसला, भिंग डबीत ठेवलं, पेटीचं झाकण लावलं आणि पेटी स्वतःच्या हातात घेतली. पेटी तिला वाटली होती त्याहून जड होती. फाटकापाशी आल्यावर तिने विचारलं, "कितीला छापू?"

"चारच," बाबा म्हणाले. "पण तू तीनला यायचं. घड्याळजीने गिऱ्हाइकाच्या आधी येऊन बसायचं असतं."