नळी क्रमांक चारशे सतरा

मित्रांनो, काळाला थांबवून दाखवणारा बीड जिल्ह्यात मी एकटाच आहे. भल्याभल्यांना जे जमलं नाही ते मी रोज करतो, आणि तेही कोपऱ्यात उभं राहून. माझ्या पोटात आलेला माणूस म्हातारा होत नाही, आजारी पडत नाही, पक्षसुद्धा बदलत नाही. फक्त माझं दार तेवढं सुतळीनं बांधून ठेवावं लागतं.

मी एक जुना डीप फ्रीजर आहे. माझा जन्म दूरदेशीच्या कुठल्याशा थंड गावात झाला. तिथे बाहेरच इतका गारठा, की माझी गरज कुणाला होती कोण जाणे. मग पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी अकरा वर्षं नोकरी केली. तिथे माझं फार कौतुक. पाहुणे आले की मला दाखवत. दार उघडलं की पांढरी वाफ फरशीवरून सरपटत त्यांच्या पायांपर्यंत जाई आणि भारीतला भारी पाहुणा एक पाऊल मागे सरे. पुढे माझा आवाज वाढला, दाराचं रबर गेलं, आणि माझी बदली बीडला झाली. नको असलेला अधिकारी आणि खिळखिळं झालेलं यंत्र आमच्याकडे पाठवायची जुनी रीत आहे. दोघंही इथे बरीच वर्षं टिकतात.

मला एका रक्तपेढीच्या मागच्या खोलीत उभं केलं. या पेढीनं एक संशोधन हाती घेतलं होतं. माणसाच्या तब्येतीत आईबापांकडून आलेलं किती आणि त्यानं स्वतः खाऊनपिऊन ओढवून घेतलेलं किती, ते शोधायचं. त्यासाठी रक्तदात्याकडून पिशवीबरोबर एक छोटी नळी जादा घ्यायची आणि छत्तीस प्रश्नांचा एक कागद भरून घ्यायचा. तंबाखू खाता का, झोप किती, काम कोणतं, घरात कुणी कमी वयात हृदयविकारानं गेलं का, वगैरे. कागद दिपालीताईंच्या कपाटात जाई, नळी माझ्या पोटात.

दिपालीताई या पेढीतल्या तंत्रज्ञ. बद्रीनाथ हा शिपाई. माझी सुतळी त्याचीच. एकदा कागदांचा गठ्ठा वाचून ताई म्हणाल्या, "बद्रीनाथमामा, नऊशे माणसांत तंबाखू खाणारे अकराच निघाले."

बद्रीनाथनं तोंडातला बार एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. "लई सुधारला जिल्हा, ताई."

तो कसा सुधारला ते मी सांगतो. शिबिरात रांगेत पुढे मामा आणि मागे सासरा. दोघांच्या मधे उभं राहून खरं कोण सांगणार? कागदावर अख्खा जिल्हा संतांचा. नळीला मात्र सासरा नसतो.

आता जरा हळू बोलतो. माझ्या आत उणे ऐंशी अंश असतात. तिथे नळीतला माणूस रक्त दिलेल्या सकाळच्या अकरा वाजून वीस मिनिटांवरच थांबलेला असतो. बाहेर तो थकतो, पडतो, एखादा जातोही. नळीला ते कुणी कळवत नाही. ज्यांचा बाहेर दहावा होऊन गेला असे माझ्यात किती आहेत, ते मी मोजत नाही. दार उघडलं की सगळ्या नळ्या वाफेतून एकदम वर बघतात असं मला वाटतं. पण मी यंत्र आहे, मला काहीही वाटू शकतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये अर्जुनदादांचा वाढदिवस आला. दादा म्हणजे तालुक्याचे पुढारी. पाटोद्याच्या मंगल कार्यालयात शिबिर झालं. पाचशे एक पिशव्यांचा संकल्प. प्रत्येक दात्याला पाण्याचा जार आणि दादांच्या फोटोचं प्रमाणपत्र. फोटो मोठा, दात्याचं नाव बारीक. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे नळ्या आल्या आणि त्यांच्यामागून एक खोकं. त्यात वाढदिवसाच्या केकचा उरलेला तुकडा होता. वर 'अर्जुनदा' एवढी अक्षरं शिल्लक होती.

माझ्यात खायचं काही ठेवायचं नाही, असा दारावरच नियम चिकटवलेला आहे. बद्रीनाथनं तो वाचला आणि खोकं माझ्या सगळ्यात खालच्या कप्प्यात सरकवलं. "दादांचा केक टाकून कसा द्यायचा? उद्या कुणी इचारलं तर?" असं तो मलाच म्हणाला.

त्याच आठवड्यात टकटक सुरू झाली.

भर दुपारी, दोनच्या सुमाराला. बद्रीनाथ माझ्यासमोर डबा खात बसला होता. त्याचा घास हातातच राहिला. "ताई, ह्याच्यात कोणतरी हाय."

दिपालीताईंनी जाड हातमोजे घालून तपासलं. चारशे सतरा नंबरची नळी खोबणीत सैल होती. त्यांनी ती दुसऱ्या खोबणीत बसवली. टकटक तिथून येऊ लागली. तिसऱ्या खोबणीत बसवली. तिथूनही. माझं वय झालंय, मी थरथरतो, हे मान्य. पण मी थरथरलो तर नऊशे नळ्या वाजायला हव्यात. वाजत होती एकच.

प्रत्येक नळीतलं थोडं रक्त गोठवण्याआधीच तपासायला पुण्याला जाई; सप्टेंबरअखेरीस त्याचे अहवाल आले. चारशे सतरा : सटवा, वय अडतीस, मुक्काम पाटोदा तालुका, काम ऊसतोड. कोलेस्टेरॉल चारशे बारा, म्हणजे असायला हवं त्याच्या दुपटीहून जास्त. ते खाण्यापिण्यानं झालेलं नव्हतं. रक्ताच्या घडणीतच खोट होती, आई किंवा बापाकडून आलेली. असा माणूस बैलासारखा धडधाकट दिसतो आणि चाळिशीच्या आत उभ्या उभ्या कोसळतो.

ताईंनी कागद काढला. 'घरात कुणी कमी वयात हृदयविकारानं गेलं का?' उत्तर : नाही. त्यांनी तो कागद दोनदा उलटून पाहिला. अशी खोट घरात असून कुणीच गेलं नाही? शेवटचा प्रश्न होता, 'काही गंभीर आढळल्यास तुम्हाला कळवावं का?' उत्तर : हो.

दसरा तोंडावर होता. दसऱ्याच्या आगेमागे ट्रक येतात आणि ऊसतोडीची माणसं सहा महिन्यांसाठी कारखान्यांकडे निघून जातात. मग त्यांना कुठल्या उसाच्या फडात शोधणार? ताईंनी मोबाईल माझ्या डोक्यावर ठेवला, स्पीकर लावला आणि कागदावरचा नंबर फिरवला.

"सटवा बोलतायत का?"

पलीकडे कोंबड्या कलकलत होत्या. मग बाईमाणसाचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"बीडहून, रक्तपेढीतून. सटवांशी जरा अर्जंट काम होतं."

"म्या त्याची माय. छबुबाई." मग तिनं कोंबड्या हुसकावल्या. "बाई, सटवा जाऊन दोन वर्षं झाली. मोळी उचलता उचलता फडात बसला, त्यो उठलाच न्हाई. ह्यो फोन त्याचाच. म्या चालू ठेवलाय."

ताईंचा आवाज बारीक झाला. "मावशी, त्यांनी या ऑगस्टमध्ये रक्त दिलंय. पाटोद्याला."

"हां. कागद हाय ना माझ्याकडं. दादाच्या फोटूचा. खाली सटवाचं नाव हाय, वाचून घेतलंय म्या."

"मग?"

"मग काय? नाव पुकारलं तर आला असंल. हाक मारली अन् न्हाई आला, असं कदी झालं न्हाई त्याचं."

नेमकी तेव्हाच वीज गेली. माझी घरघर थांबली आणि खोली एकदम गप्प झाली. टकटक मात्र चालू होती. बद्रीनाथनं अर्ध्या डब्यावर झाकण लावलं.

ताई शहाण्या. मेलेला माणूस रक्त देत नाही हे त्या शिकलेल्या होत्या. म्हणजे हे रक्त घेऊन कुणीतरी जिता माणूस हिंडत होता, आणि त्याला ते ठाऊक नव्हतं. "मावशी, घरात अजून कोण असतं?"

"धाकला. राधाकिशन. मुकादमाकडं गेलाय. परवा टरक येणार हाय."

"त्यांना घेऊन उद्या बीडला या. ट्रक यायच्या आधी."

"कावून?" आणि मग, पार वेगळ्या आवाजात, "त्याचं बी काय झालंय का?"

दुसऱ्या दिवशी अकराला दोघं आली. राधाकिशन छत्तिशीचा, खांदे दरवाजाएवढे. तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि टकटक थांबली. महिनाभरात पहिल्यांदा. आत तो, बाहेर तो, मधे माझं सुतळीनं बांधलेलं दार.

"खोटं नाव का सांगितलंत?" ताईंनी विचारलं.

"म्या न्हाई सांगितलं, ताई. त्येंनी पुकारलं. यादी जुनीच व्हती, सटवा व्हता तवाची. माईकवरून म्हनले, सटवा. कुणी उठंना. परत म्हनले, सटवा. सगळे हिकडं तिकडं बघाया लागले. एक पोट्टा हसला. तिसऱ्या बारीला पुकारलं अन् मला ऱ्हावलं न्हाई. हात वर केला."

"अरं पर तुजं नाव पुकारलं तवा?" छबुबाईंनी विचारलं.

"तवा म्या खाटंवर व्हतो. सटवा म्हनून. गप ऱ्हायलो."

अशा रीतीनं दादांच्या शिबिरात मेलेला हजर आणि जिता गैरहजर लागला. पाचशे एकचा आकडा मात्र भरला.

"आणि हे?" ताईंनी कागद पुढे केला. "घरात कुणी लवकर गेलं का, याला नाही म्हणालात?"

राधाकिशन खरोखरच गोंधळला. "मग काय म्हनू? सटवा म्हनून बसलतो. सटवा हितं बसून बोलतोय म्हनल्यावर मेलं कोण?"

"ते बी बरोबरच हाय," बद्रीनाथ म्हणाला.

एवढ्या छत्तीस उत्तरांत स्वतःचं असं त्यानं एकच दिलं होतं. शेवटचं.

छबुबाई खुर्ची असून खाली बसल्या. "ह्यांचा बाप बी असाच गेला. चाळिशी गाठली न्हाई. गाव म्हनतं, घराण्याला बाहेरचं लागलंय. नारळ झाले, कोंबडं झालं."

"बाहेरचं नाही, मावशी. रक्तातलं आहे. बापाकडून दोघांत आलं. त्याला औषध आहे, रोजची गोळी."

"गोळी हाय?"

"आहे."

"सटवा व्हता, तवा बी व्हती?"

दिपालीताईंनी माझ्या दाराची सुतळी उगीच सोडली आणि परत बांधली.

राधाकिशनचं पुन्हा रक्त काढलं. या वेळी त्याच्या स्वतःच्या नावानं. तो म्हणत होता, मुकादमाला शब्द दिलाय, ट्रक थांबणार नाही, आल्यावर बघू. छबुबाई उठल्या. "एक दिलाय म्या फडाला. दुसरा न्हाई देत. टरकाला जाऊ दे, तू हितं बस."

ट्रक गेला. राधाकिशन हृदयाच्या डॉक्टरांकडे गेला. एक नस बरीचशी बुजलेली निघाली, ती मोकळी केली. आता तो रोज गोळी घेतो आणि गावात दुसऱ्यांच्या म्हशी सांभाळतो. त्याला त्याची लाज वाटते. त्याच्या आईला वाटत नाही.

चारशे सतरावरचं नाव बदलायचं ठरलं तेव्हा छबुबाईंनी फोन केला होता. "खोडू नका, बाई." आमच्यात खोडायची पद्धतच नाही. जुनं लेबल तसंच ठेवून वर नवं चिकटवतात. त्यामुळे आज वर राधाकिशन आहे आणि खाली सटवा. नळी एक. ती आता अगदी शांत असते.

गेल्या सोमवारी दुपारी दोनला पुन्हा टकटक सुरू झाली. या वेळी अकराशे आठ. गेवराईकडची कुणी बाई आहे, वय एकतीस. तिचा अहवाल अजून पुण्याहून यायचा आहे.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. रक्त जरूर द्या. कागदावर खरं सांगा, मागे सासरा असला तरी. आपल्या नावाला आपणच हात वर करा. दुसऱ्यासाठी केलात, तर निदान त्याचं मरण तुमच्या वाट्याला येऊ देऊ नका. आणि जुन्या यंत्राची टकटक ऐकू आली तर ते म्हातारं झालंय म्हणून सोडून देऊ नका.

आणि जाता जाता कुणीतरी वाकून खालच्या कप्प्यातला तो केक काढा. बद्रीनाथचं म्हणणं, अकराशे आठ वगैरे काही नाही, केकच दगड होऊन वाजतोय. असेलही. मला फक्त एकदा खात्री करून घ्यायची आहे.